'द बर्निंग ट्रेन'चं संगीत: सात महिने रोज गाडीत ऐकल्यावर

आधीच सांगून टाकतो, हे सिनेमाचं परीक्षण नाही. सिनेमा मी दोनदा पाहिलाय. दुसऱ्यांदा तर तीन बैठकांत, मधे जेवून आणि एकदा झोपून. लिहितोय ते त्यातल्या संगीताबद्दल. जूनपासून, रविवार आणि सुट्या सोडल्या तर रोज, गोव्यात पेडण्याहून मडगावला जाता-येता माझ्या कानात हीच गाणी असतात. धावत्या गाडीत बसून जळत्या गाडीची गाणी. बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दुसरं काही मिळालं नाही?" मिळालं असतं, पण सुरुवातच तशी झाली.

पावसाचे दिवस. थिवीला गाडी क्रॉसिंगला उभी. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे समोरून एक्सप्रेस येणार असली की आम्ही पॅसेंजरवाल्यांनी बाजूला थांबायचं, हा नेहमीचा नेम. खिडक्या बंद, आत दमट हवा, कोणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बांगड्यांचा वास. फोनने आपल्याच मनाने लावलं, 'पल दो पल का साथ हमारा'. समोरच्या बाकावर तीन अनोळखी माणसं, तिघंही त्या न येणाऱ्या एक्सप्रेसवर चिडलेली, त्या निमित्ताने एकमेकांशी बोलायला लागलेली. आणि कानात रफी घटकाभराच्या सोबतीचं गाणं गातायत. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, अरे, हे गाणं रेल्वेच्या डब्यासाठीच लिहिलेलं आहे! लग्नाच्या हॉलमध्ये, चवथीच्या ऑर्केस्ट्रात शंभरदा ऐकलं असेल. डबा कधी दिसलाच नव्हता.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल 1980, निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव रवी चोप्रा. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जीतेंद्र, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी, म्हणजे पोस्टरवर जागा उरली नसेल. दिल्लीहून मुंबईला पहिल्याच फेरीला निघालेली सुपर एक्सप्रेस, ब्रेकची वाट लावून ठेवणारा एक जळकुकडा प्रतिस्पर्धी, मग आग. त्याआधीच्या दशकात हॉलिवूडमध्ये अशा आपत्तिपटांची लाट आली होती: 'द पोसायडन ॲडव्हेंचर' (1972), 'अर्थक्वेक' आणि 'द टॉवरिंग इन्फर्नो' (दोन्ही 1974). तिन्हींचं संगीत जॉन विल्यम्स यांचं, ही गंमत वेगळीच. तीच लाट आपल्या रुळांवर आली. एवढी नावं असूनही सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही, आणि का चालला नाही हे बघताना कळतं. प्रत्येक प्रवाशाला एक छोटी कथा वाटून दिलीय, पंगतीत मीठ वाढतात तशी, चिमूटभर. पोट कुणाचंच भरत नाही.

पण संगीत राहुल देव बर्मन यांचं, म्हणजे पंचमचं. आणि सात महिन्यांनी माझं मत असं झालंय की पटकथेला जे जमलं नाही ते पंचमने करून ठेवलं.

हिंदी आपत्तिपटाची एक मूलभूत पंचाईत असते. तिकडे जॉन विल्यम्सला भीतीसाठी संगीत द्यायचं होतं, गाणी फारशी द्यायची नव्हती. इथे गाणी हवीतच. डबा पेटल्यावर कोण गाणार? म्हणजे मौजेची गाणी आगीच्या आधी संपवायला लागतात, आणि त्या गाण्यांनीच आपल्याला या माणसांबद्दल काळजी वाटायला लावायची असते. नुसती पाहून ही माणसं आपली वाटत नाहीत. जीतेंद्र आणि नीतू सिंग यांच्या तोंडी 'पल दो पल'ची ती कव्वाली आली की मात्र सगळा डबा आपल्या ओळखीचा होतो.

या कव्वालीबद्दल जरा जास्त लिहितो. आमच्या पेडण्यात, सावंतवाडी जवळ असल्यामुळे, डबलबारी भजनाचं वेड आहे. दोन बुवा समोरासमोर, एकाने टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं, कोरसवाल्यांनी झेलायचं. हे गाणं मला तसंच ऐकू येतं. रफी एक ओळ सरळ, हसतमुख टाकतात, आशाबाई ती उचलून किंचित वाकडी करून परत देतात. टाळ्या तर कान देऊन ऐका. सुरुवातीचे काही आठवडे मला त्या नुसता ठेका वाटत होत्या. ऑक्टोबरच्या सुमारास लक्षात आलं की मी गाण्याकडे लक्ष न देता टाळ्याच ऐकतोय. आमच्या गाडीत ही जागा रिकामी असते. जुन्या गाड्यांची ती धडधड-धडधड रुळांच्या सांध्यांमुळे यायची. आता रूळ लांबलचक वेल्ड केलेले, डबा नुसता घोंघावत जातो. स्टेशनाजवळ सांधे बदलताना तेवढा खडखडाट. ती गेलेली धडधड मला या टाळ्यांत मिळते.

शब्द साहिर लुधियानवींचे. साहिर आणि चोप्रा ही जोडी 'नया दौर'पासूनची, म्हणजे 1957 ची. त्याच वर्षी 'प्यासा' आला आणि त्यानंतर साहिर आणि पंचमचे वडील सचिनदेव बर्मन यांचं कायमचं बिनसलं. वडिलांशी तुटलं, पण मुलाबरोबर साहिरनी 'दीवार' केला, मग हा. सिनेमा मार्च 1980 मध्ये लागला. 31 जुलैला रफी गेले, 25 ऑक्टोबरला साहिर. हे कळल्यानंतर त्या कव्वालीतली घटकाभराची सोबत जरा वेगळी ऐकू येते. पहिले काही दिवस तर मी ती टाळून पुढचं गाणं लावायचो.

आता आपल्या गोव्याचा स्वार्थ. आशा आणि उषा, दोघी या गाण्यांत आहेत, आणि मंगेशकरांचं मूळ मंगेशीचं हे इथे कुणाला सांगायला नको. 'तेरी है ज़मीं तेरा आसमाँ' सुषमा श्रेष्ठ आणि पद्मिनी कोल्हापुरे यांनी गायलंय. कोल्हापुरे मंडळी नात्याने मंगेशकरांचीच. त्याच वर्षी चोप्रांच्याच 'इन्साफ का तराज़ू'मध्ये पद्मिनीने भूमिका केली, पण इथे तिचा गळा आहे. माझ्यासाठी हे गाणं म्हणजे शाळा. पाचवीपासून दहावीपर्यंत दर गुरुवारी प्रार्थनेला म्हणायचो, बाई पेटीवर. हे सिनेमातलं आहे आणि तो सिनेमा पेटलेल्या गाडीचा आहे हे मला कॉलेजात कळलं. घरी सांगितलं तेव्हा आईला खरं वाटेना. ती म्हणाली, बाईंनीच लिहिलं असेल.

दुरून ऐकलं तर हे गाणं अगदी साधं. रोज ऐकल्यावर मला पटलं ते असं की त्यात पोरांना पोरांसारखं गाऊ दिलंय. गोडवा ओतलेला नाही, श्वास घेतल्याचं कळतं. वेर्ण्याच्या अलीकडे जुवारीचा पूल येतो तेव्हा नेमकं हे गाणं लागावं म्हणून मी गाण्यांचा क्रम बदलून घेतलाय. गाडी वेळेवर असली तर जमतं. म्हणजे आठवड्यातून एकदा.

बाकीच्या गाण्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 'पहली नज़र में' चौघांचं, किशोर-रफी-आशा-उषा, ऐकायला मजा येते पण संध्याकाळीच. सकाळी ते गाणं अंगावर येतं. 'किसी के वादे पे' आशाबाईंसाठी ऐकावं. एक गाणं मी सप्टेंबरपासून लावतच नाही, नाव सांगत नाही, उगाच भांडणं होतील. पार्श्वसंगीत मात्र पडद्यासकटच ऐकायला हवं. शीर्षकसंगीतातच गाडी सुटते. पुढे अडीच-तीन तास सिनेमाला तो वेग गाठता येत नाही.

या सात महिन्यांतला सगळ्यात मोठा लाभ म्हणजे करमळीला चढणारे आणि माजोर्ड्याला उतरणारे एक सर. निवृत्त, व्हायोलिनच्या शिकवण्या करतात. पेटीत व्हायोलिनवर जुना टॉवेल गुंडाळलेला, कारण पावसात खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस सैल पडतात. एकदा शेजारी बसले आणि म्हणाले, "कितें आयकता?" मी सांगितलं, पंचमाचें. त्यांनी हात पुढे केला, मी एक इअरफोन दिला. डोळे मिटून त्यांनी सबंध कव्वाली ऐकली. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. खिडकीच्या गजावर बोटं चालली होती, गाण्यावर नाही, गाण्याच्या मागे जे वाजत होतं त्याच्यावर. ते मला तोवर ऐकूच आलं नव्हतं.

मग जुवारी ओलांडेपर्यंत त्यांनी मला शिकवलं. संगीतकार चाल सांगणार, अरेंजर म्हणजे वाद्यमेळ बांधणारा प्रत्येक वादकासाठी ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, कागदावर उतरवणार, वादकाने कागद समोर ठेवून पहिल्या फटक्यात वाजवायचं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गायचा अभ्यास, घोटून घ्यायचे, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो घेऊन बसलेल्यांत इतके गोंयकार. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं सहसा नसायची. पंचमच्या नावामागेही मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती, मारुतीराव कीर ही माणसं सावलीसारखी होती. माजोर्डा आल्यावर सर उठले, फलाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हांगाचो." म्हणजे इथलाच. कोण, तर अँथनी गोन्साल्विस. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या नावावरून 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाणं आलं. रोज त्या स्टेशनावरून जातोय आणि मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी गायकांच्या मागे काय चाललंय ते ऐकायचा सराव करतोय. अजून अर्धंच जमतं. सर म्हणतात, वर्ष लागेल.

वापराबद्दल दोन शब्द. गाणी फोनमध्ये उतरवूनच ठेवा. बोगद्यात रेंज जाते आणि अंतरा तिथेच अडकतो. फुकटच्या ॲपवर ऐकाल तर प्रार्थनेच्या मधोमध गृहकर्जाची जाहिरात येईल, मी एकदा भोगलंय. जुन्या ध्वनिमुद्रणाच्या प्रतीही सारख्या नसतात: एक गाणं हळू, पुढचं कानठळ्या बसवणारं. तीन वेगवेगळ्या प्रती चाळून मी त्यातल्या त्यात बऱ्या निवडल्या, त्यात ऑगस्ट गेला. ब्लूटूथचे इअरफोन पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने दोन महिन्यांत बहिरे झाले. आता साधे वायरवाले वापरतो, दीडशे रुपयांचे, मडगावच्या बाजारातले. सरांना एक कान देता येतो हा त्यांचा जास्तीचा फायदा.

पाचपैकी गुण द्यायचे तर संगीताला साडेचार, सिनेमाला दोन, त्यातला एक कव्वालीचा.

आणि एक सावधगिरी. परवा थिवीला एक मावशी चढल्या, मांडीवर अबोलीच्या वळेसरांची, म्हणजे गजऱ्यांची, टोपली. माझी मान डोलताना पाहून प्रेमाने विचारलं, "कसली रे गाणी ऐकतोस, बाबा?" मी सिनेमाचं नाव सांगितलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, वरच्या पंख्याकडे पाहिलं, मग टोपलीतला एक वळेसर काढून खिडकीच्या गजाला बांधला आणि करमळी येईपर्यंत हात जोडून बसल्या. उतरताना म्हणाल्या, "उद्या तू दुसरा डबा धर."