स्टीरिओ स्लाइड्स स्कॅन करायच्या आहेत? फ्लॅटबेड, फिल्म स्कॅनर की कॅमेरा

मामा बोटीवर होते. त्यांचा कॅमेरा स्टीरिओ, म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी एकेक चित्र टिपणारा. त्यातल्या स्लाइड्सच्या दीडएकशे जोड्या फोंड्याच्या घरी कपाटात पडून होत्या. मंगेशीच्या दीपस्तंभाची स्लाइड व्ह्यूअरमध्ये घातली की सातही मजले देवळापासून सुटून पुढे येतात आणि समोर उभ्या आजीच्या हातातली फुलांची परडी उचलून घ्यावीशी वाटते. तो उठाव संगणकावरही तसाच दिसावा म्हणून मी तिन्ही मार्ग वापरून पाहिले.

साधी स्लाइड असली की आपण पहिल्यांदा डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, ते विचारतो. स्टीरिओच्या बाबतीत आधी विचारायचं ते हे, की डावी आणि उजवी चौकट अगदी सारखी उतरते का? एक किंचित उजळ आली, एक जरा वर सरकली किंवा तिरकी झाली, तर पाहणाऱ्याचे डोळे दुखायला लागतात. मग रेझोल्यूशन कितीही असो, काय उपयोग!

या कसोटीवर फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायचा स्कॅनर, सगळ्यात भरवशाचा ठरतो. स्टीरिओचं नेहमीचं माउंट, म्हणजे दोन्ही चौकटी शेजारी शेजारी धरून ठेवणारं कव्हर, ४१ बाय १०१ मिलिमीटरचं असतं. ते न फोडता काचेवर ठेवलं की दोन्ही चौकटी एकाच वेळी, एकाच उजेडात, एकाच मापात उतरतात. एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडवर फिल्म स्कॅन होणारा पट्टा अरुंद असल्याने एका वेळी दोनच माउंट लांबीत बसतात. एप्सनच्याच व्ही८५०वर आरामात आठ. माउंट सरळ बसावीत म्हणून काळ्या कार्डाचा साचा कापून घ्या, पण वरच्या बाजूची कॅलिब्रेशनची खिडकी (स्कॅनर आपला उजेड जिथे तपासून घेतो ती जागा) त्याने झाकू नका, नाहीतर रंग भलतेच येतात. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे उजळपणा आपोआप ठरवण्याची सोय, बंद ठेवा. या यंत्रांवर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात व्ही६०० साधारण १५००च्या आसपास तपशील देतो आणि व्ही८५० साधारण २३००. म्हणजे २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत अनुक्रमे १४००-१५०० आणि २१००-२२०० पिक्सेलचा खरा तपशील. टीव्हीवर बघायला तेवढा पुरतो. ३२००च्या वर स्कॅन करू नका. त्या मापातही ४८ बिट रंगांत (सर्वांत बारीक रंगछटांत) स्कॅन केलेलं एक माउंट सुमारे ४०० एमबी जागा खातं.

फक्त फिल्मसाठी असलेले स्कॅनर, म्हणजे प्लसटेक ८२००आय किंवा जुना निकॉन कूलस्कॅन ५०००, तपशिलात फ्लॅटबेडच्या पुढे आहेत यात शंका नाही. पण त्यांचा होल्डर ५० मिलिमीटरच्या चौकोनी माउंटसाठी किंवा अखंड पट्टीसाठी असतो. स्टीरिओ माउंट त्यात शिरतच नाही. माउंट फोडून चौकटी एकेक करून घालाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी ती थोडी तिरकी बसते. कूलस्कॅनचं उत्पादन कधीच थांबलं, मिळाला तर जुनाच मिळतो. माउंट फोडायची मनाची तयारी नसेल तर या वाटेला जाऊच नका.

उरला कॅमेरा. मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथे. पहिल्यांदा अख्खं माउंट एकाच फोटोत घेतलं. २४ मेगापिक्सेलचे ६००० पिक्सेल दोन्ही चौकटींच्या ८५ मिलिमीटरवर पसरले, म्हणजे इंचाला जेमतेम १८००. एवढा खटाटोप करून फ्लॅटबेडच्याच पायरीवर. मग सुताराकडून लाकडाची सरळ पट्टी करून घेतली. माउंट तिला टेकवून सरकवायचं आणि १:१ मॅक्रो लेन्सने (चित्र सेन्सरवर खऱ्या मापात उमटवणाऱ्या) दोन्ही चौकटी वेगवेगळ्या टिपायच्या. फुल फ्रेम, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरच्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर चौकटीची उंची ४००० पिक्सेल भरते. आजीच्या परडीतली अबोली फ्लॅटबेडवर नुसता केशरी डाग होती. इथे तिच्या पाकळ्या मोजता आल्या. मात्र एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सगळं हाताने बांधून ठेवावं लागतं. व्ह्यू-मास्टरच्या (खेळण्यातल्या त्रिमिती व्ह्यूअरच्या) गोल चकत्या असतील तर दुसरा विचारच नको. त्या इवल्याशा चित्रांना कॅमेराच हवा.

माझं मत विचाराल तर शंभराच्या वर माउंट असतील तर फ्लॅटबेड घ्या. त्यातल्या जिवाभावाच्या वीसएक स्लाइड्स नंतर कॅमेऱ्याने करा. दोन्हीकडच्या जोड्या स्टीरिओफोटो मेकर या मोफत प्रोग्रॅममध्ये जुळवता येतात.

अख्खं माउंट पालथं स्कॅन झालं तर उठाव बरोबर दिसतो, त्यामुळे चूक पटकन ध्यानात येत नाही. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की कळतं. पण सुट्ट्या चौकटी एकेक पालथ्या घेतल्या आणि डावी-उजवी तशीच ठेवली, तर खोलीच उलटते आणि देऊळ दीपस्तंभाच्या पुढे येतं.

आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरणारच. धूळ-ओरखडे काढणारी स्कॅनरमधली इन्फ्रारेडची सोय कोडॅक्रोम या जुन्या कोडॅक फिल्मवर नीट चालत नाही, चांगला तपशीलही पुसून टाकते. माउंटवर ‘कोडॅक्रोम’ छापलेलं दिसलं की ती बंद करा. बुरशी लागलेल्या फिल्मला पाणी लावू नका, जिलेटिन विरघळून चित्रच निघून येतं. काचेच्या माउंटमधल्या स्लाइड्सपासून सुरुवात करा, कारण दोन काचांमध्ये अडकलेली ओल बाहेर पडत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत निदान तेवढ्या तरी उरका.