ट्रकवाल्यांसाठी एमपरिवाहन: नाक्यावर कितपत कामाचं?

गाडी बाजूला घेतली की पहिला सवाल कागदांचा. एमपरिवाहन आणि डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) 2018 पासून कायद्याने ग्राह्य आहे, मूळ कागदांसारखंच. पण अ‍ॅप उघडूनच दाखवायचं. गॅलरीतला स्क्रीनशॉट किंवा फोटो चालत नाही, आणि वाद बहुतेक तिथेच पेटतो.

खरी गोची आरसीची. ती मालकाच्या नावावर, गाडी ड्रायव्हरच्या हातात. मालकाने अ‍ॅपमधून आरसी ड्रायव्हरच्या नंबरवर शेअर करावी; हे काम लोडिंगआधी उरका, घाटात रेंज शोधत नको. डिजिलॉकरमध्ये लायसन्स येत नसेल तर आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव जुळतंय का ते बघा.

बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, मात्र हातात हवीच. ई-वे बिलात (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) मुदत साधारण 200 किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बदलली आणि भाग ‘ब’मध्ये नवा नंबर टाकला नाही, तर माल अडकलाच म्हणून समजा.

परराज्याचं पासिंग बघूनच हात दाखवणाऱ्यांवर अ‍ॅपकडे इलाज नाही. तरीही घ्याच, फुकट आहे. सोबत चार्जर ठेवा.