ऑब्सिडियन: रेघा भरपूर, पण रेघांना नावं नाहीत

कपाटात पुस्तक ठेवायला जागा एकच मिळते, आणि ग्रंथपालाची निम्मी नोकरी ती जागा ठरवण्यात जाते. मी विदर्भातल्या एका कॉलेजात हेच काम केलं. पुस्तकांना विषयावरून आकडे देणाऱ्या, ड्युईच्या 1876 सालच्या दशांश पद्धतीत कापसाची शेती 633.51 मध्ये बसते, कापसाचं कापड 677.21 मध्ये. शेतातून गिरणीत जाईपर्यंत कापूस दोन कपाटं ओलांडतो. मधल्या बाजाराचं, रेल्वेचं आणि सावकाराचं पुस्तक आलं की ग्रंथपालाने कपाळाला हात लावायचा.

निवृत्तीनंतर वऱ्हाडातल्या कापसावर टिपणं जमवतोय. आधी ती रद्दीत निघालेल्या कॅटलॉग कार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो. मग भाचीने लॅपटॉपवर ऑब्सिडियन हे टिपणं लिहून एकमेकांना जोडायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "मामा, यात फोल्डरचा विचारच करू नका, नुसतं लिहा आणि जोडा." निम्मा सल्ला बरोबर होता.

जोडण्याची पद्धत सोपी आहे. दोन चौकटी कंस उघडायचे, दुसऱ्या टिपणाचं नाव लिहायचं, झाली लिंक. कार्डांच्या काळात आम्ही 'हेही पाहा' लिहायचो, तसंच. फरक हा की कार्डावरचं 'हेही पाहा' एकतर्फी असे. उलट दिशेची खूण करायला दुसरं कार्ड शोधून तिथेही लिहावं लागे, आणि दुपारी चारनंतर ते कोणी करत नसे. ऑब्सिडियनमध्ये उलटी खूण आपोआप पडते. 'अमेरिकेतलं यादवी युद्ध' हे टिपण उघडलं की त्याचा उल्लेख करणारी सगळी टिपणं बाजूच्या पट्टीत दिसतात: 1861 ते 65 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला ते, इकडे भाव कडाडले ते, आणि युद्ध संपताच 1865 मध्ये मुंबईचा शेअरबाजार आणि बँका कशा कोसळल्या तेही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळी पुस्तकं वाचताना लिहिलेली टिपणं अशी एकत्र भेटतात. हे सॉफ्टवेअर घ्यायचं तर या उलट्या खुणेसाठी, म्हणजे बॅकलिंकसाठी घ्यावं.

यूट्यूबवर मात्र सगळे ग्राफ व्ह्यू दाखवतात. प्रत्येक टिपण एक ठिपका, प्रत्येक लिंक एक रेघ. पहिल्या आठवड्यात छान वाटतं. टिपणं शेकड्यांत गेली की पडद्यावर सरकीला चिकटलेल्या तंतूंसारखा गुंता उरतो आणि त्यातून काही काढता येत नाही. माझी खरी तक्रार गुंत्याबद्दल नाहीच. माझ्या ग्राफमध्ये 'कापूस' आणि 'सरकी' यांच्यात एक रेघ आहे, 'कापूस' आणि 'यादवी युद्ध' यांच्यातही तशीच एक रेघ आहे. सरकी हा कापसाचा भाग. युद्ध हे भाववाढीचं कारण. ग्राफला दोन्ही सारखंच.

माणसाच्या डोक्यात ज्ञान कसं मांडलेलं असतं याचं एक प्रसिद्ध चित्र ॲलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन या संशोधकांनी 1969 मध्ये मांडलं. लोकांना वाक्यं दाखवायची आणि खरं की खोटं ते विचारायचं. 'कॅनरी (एक गाणारा पक्षी) गाते' याला उत्तर पटकन आलं, 'कॅनरीला कातडी असते' याला जास्त वेळ लागला. त्यांचं म्हणणं असं, की गाणं कॅनरीपाशीच नोंदलेलं असतं, पण कातडी 'प्राणी' या वरच्या मजल्यावर, त्यामुळे मनाला जिने चढावे लागतात. पुढच्या काही वर्षांतच या जिन्यांना तडे गेले. अमुक एक जनावर 'प्राणी' आहे हे लोक ते 'सस्तन' आहे यापेक्षा लवकर सांगतात, आणि जिन्यांच्या हिशेबाने तर सस्तन जवळचं. मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांच्या अभ्यासात रॉबिन हा पेंग्विनपेक्षा 'जास्त पक्षी' ठरला, जिन्यात मात्र दोघे एकाच पायरीवर. तरी त्या जुन्या चित्रातसुद्धा रेघांवर नावं होती: 'हा एक प्रकार', 'याला असतं', 'हे करतं'. संगणकशास्त्रज्ञ विल्यम वुड्स यांनी 1975 मध्ये संगणकातल्या अशाच जाळ्यांबद्दल एक अख्खा निबंध लिहिला, आणि त्यातला प्रश्न हाच होता की या रेघेचा अर्थ नेमका काय. पन्नास वर्षांनी माझ्या लॅपटॉपवर रेघा बिननावाच्या आल्या, हे जरा लागतंच.

यावर ऑब्सिडियनमध्येच तोडगा आहे, पण तो कोणी ठळकपणे सांगत नाही. टिपणाच्या माथ्यावर 'प्रॉपर्टीज' म्हणून रकाने भरता येतात, आणि रकान्यात लिंकही घालता येते. मी तिथे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांना आणलं. ते मूळचे गणिताचे शिक्षक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला शिकायला गेले. तिथे सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात मेकॅनोचे सुटे तुकडे जोडून वेगवेगळी खेळणी बनताना पाहून त्यांना वर्गीकरण सुचलं, असं ते सांगत. 1933 मध्ये त्यांचं कोलन वर्गीकरण आलं. विषयाला एकाच खणात कोंबायचं नाही, त्याची अंगं वेगळी करून लिहायची. पुढे त्यांनी ही अंगं पाच ठरवली: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ. माझे रकाने त्यावरूनच: पीक, वस्तू, क्रिया, ठिकाण, काळ. त्यांच्या जोडीला 'कारण' आणि 'भाग' हे दोन माझे. 2025 मध्ये आलेल्या 'बेसेस' या सोयीने या रकान्यांचा तक्ता बनतो. ठिकाण खामगाव, क्रिया जिनिंग (कापसातून सरकी काढणं), एवढं गाळून घेतलं की हवी ती टिपणं समोर येतात. ग्राफमधली रेघ अजूनही मुकीच आहे. पण मी आता ग्राफ उघडतच नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन सूचना. टिपणाचं नाव 'कापूस' असेल तर 'कापसाचा' हा शब्द संगणकाला परकाच. लिंक नसलेले उल्लेख शोधून देण्याची सोय आहे, पण ती अक्षरं जुळवते, विभक्ती ओळखत नाही. म्हणून टिपणाच्या 'अलिअस' (पर्यायी नावं) रकान्यात कापसाचा, कापसाला, कापसाच्या अशी रूपं घालून ठेवावीत. 'ज्वारी'ला हा त्रास कमी, लिंकपुढे नुसता 'चं' चिकटवला की भागतं. दुसरी सूचना कीबोर्डबद्दल. 'वऱ्हाड' मधला ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखाच, आत संकेत वेगळे. फोनवर एका कीबोर्डने आणि लॅपटॉपवर दुसऱ्याने लिहिलंत तर एकाच नावाची दोन टिपणं तयार होऊ शकतात. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, पण कीबोर्ड दोन्हीकडे एकाच जातीचा ठेवा.

खर्च: वैयक्तिक वापर पहिल्यापासून फुकट, आणि फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणीही परवाना विकत घेणं सक्तीचं नाही. फोन आणि लॅपटॉप जुळवून ठेवणारी 'सिंक' सेवा विकतची आहे. मी घेतली नाही. टिपणं साध्या मजकुराच्या फायली असतात, नोटपॅडमध्येही उघडतात, त्यामुळे महिन्याअखेर पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवतो. प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयींच्या, बाजारात सुरुवातीला शिरू नये, तिथे लोक टिपणं सोडून टिपणवहीच सजवत बसतात. किराण्याची यादी आणि फोन नंबर एवढंच ठेवायचं असेल तर फोनमधलं साधं नोट्स पुरे. प्रबंध, गावाचा इतिहास, घराण्याची कागदपत्रं, असं वर्षानुवर्षं वाढणारं काही हाताशी असेल तर जरूर घ्या, आणि रकाने पहिल्या शंभर टिपणांच्या आत ठरवा. नंतर मागे जाऊन भरणं म्हणजे जुन्या दाखल रजिस्टरावरून कॅटलॉग करणं, ते काम मी पगार घेऊनही नाखुशीने केलेलं आहे.