अ‍ॅप बांधण्याआधी: पान टाकावं, हातानं करून द्यावं, की आगाऊ पैसे मागावेत?

समजा, २०-४० फ्लॅटच्या सोसायट्यांसाठी मेन्टेनन्सचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप काढायचंय. कोड लिहायला घेण्याआधी तपासायच्या तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीतून वेगळंच काही कळतं.

लँडिंग पेज, म्हणजे अ‍ॅपची ओळख आणि एक बटण असलेलं एकच वेब पान, सगळ्यात स्वस्त. दोन दिवसांत पान उभं राहतं, खर्च काय तो जाहिरातीचा. सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरलेल्या वेळी टाकणाऱ्या बफर या सेवेनं २०१० मध्ये हेच केलं. आधी नुसतं पान आणि ईमेलची जागा होती. मग मध्ये दराचं पान घातलं: मोफत, ५ डॉलर, २० डॉलर. कोण कुठल्या दरावर बोट ठेवतं ते दिसू लागलं. दर लिहिलेला नसेल तर पानावर फक्त कुतूहल मोजलं जातं. आकडेही फसवतात. १०० जण आले आणि तिघांनी बटण दाबलं, तर खरं प्रमाण १ टक्का असू शकतं, ८ टक्केही असू शकतं. एका मथळ्याला ३ आणि दुसऱ्याला ५ क्लिक पडले म्हणून दुसरा सरस ठरवू नका.

सोसायटीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बटण दाबतात सेक्रेटरी, पैसे मंजूर करते समिती. म्हणून इथे पानापासून सुरुवात करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हातानं काम करून देणं वेळखाऊ आहे, पण शिकवतं तेच. १९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीची सुरुवात अशीच झाली: दुकानातल्या बुटांचे फोटो साइटवर टाकायचे आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवायचे. आपल्याकडे तीन सोसायट्या घ्या, एक पूर्ण महिना, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. पहिल्या दिवशी फ्लॅटची यादी, मागची थकबाकी आणि बँक स्टेटमेंट मागून घ्या. स्टेटमेंट उघडलं की खरं काम समोर येतं: '३,२०० जमा', नाव भाडेकरूचं, फ्लॅट नंबर कुठेच नाही, आणि यादीत तर फक्त मालकांची नावं. बिल छापणं सोपं असतं. ही जुळवाजुळव कोण करणार, यावर अ‍ॅप टिकतं. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते रोज लिहा. शुल्क ५०० रुपये का होईना, घ्याच; फुकट कामाला कुणी नावं ठेवत नाही. आणि प्रत्येकाचा हट्ट पुरवत बसू नका, नाहीतर महिनाअखेरीस तीन वेगळ्या सेवा तयार होतात. तिघांनीही जे मागितलं, तेच आधी बांधायचं. बाजार किती मोठा आहे, हे मात्र तीन सोसायट्यांवरून कळत नाही.

आगाऊ रक्कम ही सगळ्यात कडक परीक्षा. वर्षाचा दर, काम सुरू होण्याची तारीख आणि 'त्या तारखेला सुरू न झाल्यास पूर्ण परतावा' हे कागदावर द्या. पैसे सोसायटीच्या खात्यातून यायला हवेत. सेक्रेटरींनी ओळखीखातर खिशातून दिलेले धरू नका. समितीची बैठक बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदाच होते, म्हणून सहा आठवडे थांबायची तयारी ठेवा.

ग्राहक स्वतःच्याच पैशानं घेणार असेल, तर पान आधी आणि आगाऊ रक्कम लगेच मागोमाग. सोसायटीसाठी आधी हातानं, मग आगाऊ. दुसरा महिना लागला की आठवण करू नका; सेक्रेटरी आपणहून स्टेटमेंट पाठवतात का ते पाहा.