सात महिने भिंतीवर: काळपट्टीचा अनुभव

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती गणिताची नव्हती, इतिहासाची होती. शाळेत इजिप्तचा धडा संपला की मेसोपोटेमियाचा यायचा, त्यामुळे माझ्या डोक्यात या संस्कृती रांगेत उभ्या होत्या, एक गेली की दुसरी.

म्हणून ही काळपट्टी घेतली. इ.स.पू. 3500 ते आज, 1 सेंटीमीटरला 10 वर्षं, म्हणजे लांबी साडेपाच मीटर. सोबत चिकटवायची चित्रं. आमची पट्टी कोपऱ्यात वळून दारापर्यंत गेली आहे.

पहिला महिनाभर मी रात्री वाचून सकाळी शिकवायचे, जणू सगळं आधीपासूनच येत होतं. मग लेकीने मोजपट्टी काढली. इजिप्तच्या खुफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. 2560च्या आसपासचा, क्लिओपात्रा वारली इ.स.पू. 30 मध्ये. अंतर 253 सेंटीमीटर. तिच्यापासून आपल्यापर्यंत जेमतेम 205. "आई, मग ती पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची?" मी पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. शिकवण्याचं सोंग तिथेच गळालं.

धाकट्याला बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदे रुचले नाहीत. पण त्याच सुमाराची, इ.स.पू. 1750च्या आसपासची मेसोपोटेमियातल्या उर शहरातली मातीची पाटी त्याने पाचदा वाचायला लावली. नन्नी नावाचं गिऱ्हाईक हलकं तांबं माथी मारल्याबद्दल एआ-नासिर या व्यापाऱ्याला झापतंय! हे चित्र संचात नाही, आम्ही काढून लावलं. सिंधू लिपीत काय लिहिलंय, या प्रश्नावर मात्र "अजून कुणालाच वाचता आलेली नाही" असं मी बिनधास्त सांगू शकले.

आता तक्रारी. पट्टीवर ठळक '0' छापलाय. असं वर्षच नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इ.स.पू. 63 मध्ये जन्मला, इ.स. 14 मध्ये गेला. आम्ही सरळ बेरीज करून त्याला 77 वर्षांचा केला. प्रत्यक्षात 76वा वाढदिवस महिन्यावर असताना तो वारला. शून्यावर आता कागद डकवलाय. सात वर्षांखालच्या मुलांसाठी घेऊ नका, आकडे बारीक आहेत.

गोंदही कच्चा. काल इजिप्तचा राजा दुसरा रामसेस दारामागे सापडला. मी जागा शोधत होते, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "1279 पासून लाव, साडेसहा सेंटीमीटर राज्य केलंय त्याने."