मुलांच्या ऑप्टिक डिस्कचे फोटो: हातात धरण्याच्या फंडस कॅमेऱ्याचा काही महिन्यांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या दवाखान्यात पावसाळ्याच्या तोंडावर ४५ अंशांचे क्षेत्र टिपणारा, हातात धरण्याचा फंडस कॅमेरा (डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलाचे फोटो काढणारा) घेतला. जन्मतःच वेगळ्या घडणीच्या ऑप्टिक डिस्कची (दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते ती गोल जागा) अशी नोंद मला हवी होती, की दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिली तरी त्यांना नेमकी तुलना करता यावी. इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण) डिस्क उत्तम दिसते. परंतु केसपेपरवरील पेन्सिलची आकृती आणि ‘डिस्क लहान, फिकट’ एवढे शब्द पुढच्या तपासणीत फारसे कामी येत नाहीत.

ही अपेक्षा सर्वांत चांगली पूर्ण झाली ती ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लासियाच्या, म्हणजे दृष्टीच्या नसेची जन्मतः अपुरी वाढ असण्याच्या, बाबतीत. कळव्याहून एका लहान मुलीला तिचे आईवडील ‘डोळे सारखे हलतात’ म्हणून घेऊन आले होते. हलत्या डोळ्याचा एकच फोटो नेमक्या क्षणी घेणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून मी एकामागून एक फोटो घेत राहिलो आणि त्यांतील एक स्वच्छ आला. लहानशी डिस्क, तिच्याभोवती फिकट कडे आणि त्या कड्याला बाहेरून रंगद्रव्याची गडद किनार, म्हणजे पुस्तकात दाखवतात ते दुहेरी कडे, पडद्यावर मोठे करून पाहता आले. ऑफ्थॅल्मोस्कोपमधून घाईत पाहताना बाहेरचे कडेच डिस्कची सीमा वाटते आणि डिस्क नेहमीच्या आकाराची भासते.

फोटोवरून डिस्कचा आकार मिलिमीटरमध्ये सांगण्याचा मोह मात्र टाळावा, कारण चष्म्याचा नंबर आणि डोळ्याची लांबी यांनुसार प्रतिमा लहानमोठी होते. त्याऐवजी डिस्कच्या मध्यापासून मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाचा सर्वांत स्पष्ट पाहणारा मधला भाग) मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला डिस्कच्या व्यासाने भागावे. दोन्ही मापे एकाच फोटोतली असल्याने हा दोष बव्हंशी निघून जातो. हे गुणोत्तर साधारण ३ पेक्षा जास्त आले, तर हायपोप्लासियाची दाट शंका घ्यावी. या मुलीचे गुणोत्तर स्पष्टपणे वरचे होते. तिला मेंदूचा एमआरआय आणि पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोन्सच्या तपासण्या करण्यासाठी पाठवले, कारण हायपोप्लासियासोबत या ग्रंथीचे काम कमी असू शकते आणि कॉर्टिसॉलची कमतरता लक्षात आली नाही, तर साध्या तापाच्या आजारपणातही मुलाच्या जिवाला धोका संभवतो. आईवडिलांना दोन्ही फोटो, त्यांच्या मुलीचा आणि निरोगी डिस्कचा, शेजारीशेजारी दाखवल्यावर डोळ्यांसाठी आलेल्या मुलीची रक्ततपासणी कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनात उरला नाही.

मॉर्निंग ग्लोरी डिस्कचे, म्हणजे त्या नावाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या जन्मजात खोलगट डिस्कचे, वर्णन किंडलर यांनी १९७० मध्ये या नावाने केले. तिच्यातून सरळ, चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मध्यावरचा पांढुरका ऊतीचा पुंजका कॅमेरा सुरेख टिपतो. कोलोबोमात (डोळ्याच्या घडणीत जन्मतः राहिलेली फट) खड्डा मुख्यतः डिस्कच्या खालच्या भागात असतो, आणि हा फरक फोटोत बहुधा ओळखता येतो. तो महत्त्वाचा आहे: पहिल्यात कवटीच्या तळाशी असलेला एन्सेफॅलोसील (कवटीतील फटीतून मेंदूचा भाग बाहेर येणे) आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा मोयामोया विकार शोधावा लागतो, तर दुसऱ्यात इतर अवयवांतील दोषांकडे लक्ष द्यावे लागते. डिस्कच्या जन्मजात खोलगट दोषांपैकी काहींचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध असल्याने पोटाची सोनोग्राफीही मी सांगतो.

कॅमेऱ्याची मर्यादा आहे ती खोलीची. सपाट फोटोत खड्डा किती खोल आहे, ते कळत नाही. ऑप्टिक पिटचा (डिस्कमधील जन्मजात छोटा खड्डा) राखाडी ठिपका, बहुधा कानाकडच्या बाजूला, दिसतो. पण त्यामुळे मॅक्युलाखाली साचलेले थोडेसे पाणी दिसेलच असे नाही, तिथे ओसीटी (दृष्टिपटलाचे थर प्रकाशाने दाखवणारा स्कॅन) हवाच. मुलांच्या डिस्कमधील ड्रुझेन (कॅल्शियमयुक्त छोटे कण) बहुधा आत गाडलेले असतात, त्यामुळे डिस्क सुजल्यासारखी दिसते आणि फोटोवरून खात्री देता येत नाही. बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) आणि खोलवर पाहणारा ओसीटी करावा लागतो. खरी सूज असण्याची शंका असेल, तर पुढच्या फोटोची वाट पाहत बसू नये.

‘थेंब न घालता फोटो’, म्हणजे बाहुली मोठी करणारे थेंब न वापरता, हा विक्रेत्याचा दावा मोठ्या माणसांबाबत बराचसा खरा ठरला. मुलांत मी थेंब घालूनच फोटो काढतो. लहान वयात दृष्टिपटल चकचकीत असल्याने फोटोत पांढरे पट्टे उमटतात; कॅमेऱ्याचा कोन किंचित बदलला की ते डिस्कवरून सरकतात. आपल्याकडील पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, याबद्दल माहितीपुस्तिकेत एक ओळही नाही.

जवळ ओसीटीची सोय असलेल्या, मुले तपासणाऱ्या दवाखान्याने हा कॅमेरा जरूर घ्यावा, असे माझे मत आहे. नजर स्थिर ठेवण्यासाठी आत दिसणारा दिवा फार मंद आहे आणि तीन-चार वर्षांची मुले त्याकडे पाहतच नाहीत. तो उजळ व लुकलुकणारा करावा, असे कंपनीला लेखी कळवले आहे.