जामठ्यात रणजी पाहताना

सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर विदर्भाचे पराभव पाहत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला वर्धा रोडवरील जामठ्याचे स्टेडियम गावाबाहेरचेच वाटते. परंतु रणजी सामना निवांत पाहण्यासाठी याहून चांगली जागा नागपुरात नाही. एरवी स्टँड इतके रिकामे असतात की यष्टिरक्षकाची हाक वरपर्यंत स्पष्ट ऐकू येते आणि शेजारी सोललेल्या संत्र्याचा वास दरवळत राहतो. इथेच झालेल्या २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला, विदर्भाने पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहूनही त्या आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा करंडक पटकावला. दुपारच्या उन्हासाठी दुपट्टा मात्र सोबत न्यावाच.